वरळीचा दुसरा बेडूक

आमचे सर निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने त्यांना रीतीप्रमाणे शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्याशी उभा दावा मांडला होता, त्यांनी गहिवरून भाषणं केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सर नेहमीच्या वेळेला लॅबमध्ये हजर. मी म्हटलं, "सर, काल निरोप समारंभ झाला ना तुमचा?" तर म्हणाले, "हो, छान झाला. नारळ मात्र खवट निघाला." आणि भिंग काढून कामाला लागले. यांना घालवायचं कसं, हा प्रश्न पुढे दोन प्राचार्यांनी हाती घेतला. दोघेही सरांच्या आधी गेले.

मी सरांचीच विद्यार्थिनी. तोवर विभागप्रमुखाची खुर्ची माझ्याकडे आली होती, पण खिडकीजवळचं चांगलं टेबल सरांकडेच राहिलं. ते मागायची माझी छाती नव्हती, आणि मागितलं असतं तरी सरांनी "बघू, थोडं थांब" म्हटलं असतं. सरांचं थोडं म्हणजे किती, हे ज्याला माहीत आहे तो त्यांना थांबण्याबद्दल काही विचारत नाही. 'नुकतंच' हा शब्द ते हिमयुगानंतरच्या गोष्टींसाठी वापरायचे. गॅस संपून आठवडा झाला, सिलिंडरचं बघा जरा, असं काकूंनी सांगितलं तर म्हणायचे, "मग आत्ताच संपलाय की." काकू, म्हणजे सरांची बायको, या माणसाबरोबर संसार कसा करत होत्या, यावर खरं तर कुणीतरी पीएचडी करायला हवी.

सरांचा विषय जीवाश्म, म्हणजे दगडात उरलेले प्राणी. आता एवढा विषय घ्यायचा तर माणसाने निदान डायनोसोर तरी घ्यावा. चार पोरं ओळखतात, पेपरात फोटो येतो. सरांनी घेतला बेडूक, तोही अंगठ्याच्या नखाएवढा. वरळीच्या टेकडीखाली लाव्हाच्या दोन थरांमध्ये काळ्या पाटीसारख्या दगडाचा एक थर आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तिथे तळं होतं, तळ्यात बेडूक होते, आणि तळ्यासकट ते सगळे गाडले गेले. हा बेडूक शास्त्राला इंग्रजांच्या काळापासून ठाऊक आहे. वरळीकरांना अजून ठाऊक नाही. मी स्वतः वरळीत जन्मले, वाढले, आणि आमच्या घराखाली कोण राहतं हे मला बी.एस्सी.ला सरांनी सांगितलं.

सर मूळचे गिरगावातल्या फणसवाडीचे आणि अजून तिथेच राहणारे. घर असं की चातुर्मासात कांद्यालाही उंबऱ्याबाहेर उभं करतील. अशा घराण्यातला पहिला मासा सरांनी खाल्ला तो चवीसाठी नव्हे, मणक्यांसाठी, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. "अभ्यासासाठी असेल तर बाहेर काय ते करा," अशी परवानगी काकूंनी दिली होती. हा अभ्यास नेमका बुधवार, शुक्रवार आणि रविवारीच कसा निघायचा, याचा खुलासा उत्क्रांतीच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

लालबागला कॉलेजच्या मागे एका मालवणी माणसाची खानावळ होती. तिथे पुढ्यातला बांगडा संपला की सर ताटाच्या कडेला त्याचा सांगाडा परत जुळवत, डोक्यापासून शेपटीपर्यंत, एक काटा इकडचा तिकडे नाही. मालकाने हा प्रकार पहिल्यांदा बघितला तेव्हा तो हातातलं भांडं घेऊन तसाच टेबलाशी आला.

"सर, काय झाला? बांगडो ताजो नाय काय?"

"उत्तम आहे हो. फक्त एक बरगडी कमी आहे."

मालकाचा चेहरा पडला. आत तोंड करून तो बायकोला ओरडला, "गो, सरांची एक बरगडी खंय गेली?"

माणसांचंही सर वर्गीकरण करत. एका प्राचार्यांना त्यांनी उभयचरांत घातलं होतं. संस्थाचालक आले की हे पाण्यात, शिक्षक आले की जमिनीवर, श्वास दोन्हीकडे व्यवस्थित चालू. फक्त कातडी सतत ओली ठेवावी लागते, बिचाऱ्यांचे हाल होतात, असं सर कळवळून सांगत. मला त्यांनी सरड्यात टाकलं होतं. "तू बराच वेळ गप्प बसतेस, आणि मग एकदम जीभ," असं त्यांचं निरीक्षण होतं. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी काढलेला हा सगळ्यात बरा उद्गार आहे.

त्यांच्या वाडीत एका गणेशोत्सवात डायनोसोरचा देखावा केला होता. गणपतीच्या मागे थर्माकोलचा अजस्र प्राणी मान हलवायचा आणि मध्येच घशातून मोटारीचा आवाज काढायचा. कार्यकर्त्यांना वाटलं, घरचाच शास्त्रज्ञ आहे, भाषण फुकटात पडेल. सर उभे राहिले आणि बेडकावर बोलू लागले. पोरं चुळबुळायला लागली, बायका पदराआड जांभया द्यायला लागल्या, तरी बेडूक संपेना. शेवटी एक कार्यकर्ता वाकून कानाशी लागला, "सर, पब्लिक कंटाळलंय. डायनोसोर कधी येणार?"

सर माईकवरूनच म्हणाले, "ते येऊन गेले."

एवढ्यावर थांबले असते तर वाडीने त्यांना माफ केलं असतं. पण सर बेडकावरून लाव्हावर आले आणि लाव्हावरून मुहूर्तावर घसरले. "या बेडकांची घरं गाडली गेली ती काय त्यांनी वास्तुशांत केली नव्हती म्हणून?" असा सवाल त्यांनी सभेला केला. सभेच्या पहिल्या रांगेत त्यांचा थोरला चुलतभाऊ बसला होता. हा भाऊ म्हणजे फणसवाडीतले गुरुजी. मुंबईतले अर्धे टॉवर माझ्याच मंत्रांवर उभे आहेत, असं ते म्हणायचे, आणि त्या टॉवरांचं बांधकाम बघितलं की ते खरंही वाटायचं. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. एकाच मजल्यावर राहून दोघे एकमेकांच्या दारावरून असे जायचे, जणू दुसरा केव्हाच नामशेष झालाय.

या सगळ्या तऱ्हेवाईकपणाच्या मुळाशी एक दगड होता. तरुणपणी सरांना वरळीत एक बेडूक सापडला होता, आणि तो इतर बेडकांसारखा नव्हता. याचं डोकं बरंच मोठं आणि बसकं. मागचा अर्धा भाग दगड फुटताना तुटून गेलेला. ही नवी जात आहे, याबद्दल सरांच्या मनात शंका नव्हती. दुसरा कुणी असता तर त्याने अर्ध्या बेडकावर अख्खा निबंध छापून, जातीला साहेबांचं नाव देऊन, वर बढतीही घेतली असती. सर म्हणाले, "एक म्हणजे अपघात. दोन म्हणजे जात. दुसरा सापडू दे."

दुसरा सापडेना. टेकडीवर इमारती उभ्या राहत गेल्या, थर खाली बुजत गेला. सरांच्या बरोबरीचे लोक परदेशी परिषदांना जाऊन आले, मोठे झाले, काही तर आपण मोठे आहोत हे स्वतःच सांगू लागले. सर दुसऱ्या बेडकाची वाट बघत खिडकीशी बसले. मी एकदा न राहवून विचारलं, "आणि नाहीच सापडला तर?"

"तर मी आयुष्यभर एका अपघाताचा अभ्यास केला, असं होईल," सर म्हणाले. हे ते हसत म्हणाले आणि त्यांनी पुन्हा भिंग उचललं.

मग आमच्या वरळीच्या घरासमोरची जुनी इमारत पाडली. तिथे टॉवर होणार म्हणून खड्डा खणायला घेतला, आणि एका सकाळी मी गॅलरीतून बघते तर डंपर भरभरून काळा दगड बाहेर चाललेला. मी खाली जाऊन त्यातला एक तुकडा उचलला आणि रिकाम्या डब्यात घालून कॉलेजात नेला. सरांनी तो वास घेऊन बघितला, जिभेला लावून बघितला आणि उभे राहिले. "चल," म्हणाले.

साइटवरचा इंजिनीअर पोरगा सभ्य होता. त्याने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, बेडूकच बघायचे तर जून-जुलैत यायचं ना! आता परवा काँक्रीट ओततोय आपण. शेठ स्वतः येतायत, पूजा आहे." एकदा खड्ड्यात काँक्रीट पडलं की तो थर पुन्हा कुणाला दिसणार नव्हता. सरांच्या वयाकडे बघता, आणखी एखादी इमारत पडायची वाट बघणं त्यांनाही परवडणारं नव्हतं.

"पूजेला कोण आहे?" सरांनी विचारलं.

"फणसवाडीचे गुरुजी आहेत ना. शेठ त्यांच्याशिवाय वीटसुद्धा हलवत नाही."

सरांनी रस्त्यावर येऊन गिरगावची टॅक्सी थांबवली.

गुरुजी दारातच सुपारी कातरत बसले होते. एवढ्या वर्षांनी भाऊ दारात आला, तरी अडकित्ता थांबला नाही. "ये. पंचांग बघायला आलास की फाडायला?"

"दादा, मला एक मुहूर्त हवाय," सर म्हणाले.

"कशाचा?"

"काही न करण्याचा."

सरांनी सगळं सांगितलं. मोठं डोकं, तुटलेला मागचा भाग, दुसरा बेडूक, परवाचं काँक्रीट. गुरुजींनी सुपारी तोंडात टाकली. या क्षणाची त्यांनी किती वर्षं वाट बघितली असेल ते त्यांच्या चघळण्यावरून कळत होतं.

"खोटं मी बोलणार नाही," गुरुजी म्हणाले. "तशी गरजही नाही. पितृपंधरवडा चालू आहे. यात नव्या कामाला हात घालू नये, हे शास्त्रच आहे. शेठला घाई होती म्हणून मी तोडगा काढून दिला होता. तो परत घेतो, झालं."

म्हणजे सरांना मदत करायची तर गुरुजींना फक्त एकदा शास्त्राप्रमाणे वागायचं होतं.

"पण खड्ड्यात उतरायचं कसं?" मी विचारलं.

"रोज तर्पण करायचं तिथे. बाई, तर्पणात आम्ही फक्त आपल्या बापजाद्यांनाच पाणी देत नाही. ज्यांच्यामागे कुणी नाही त्यांनाही देतो. पशू, पक्षी, किडामुंगी, सगळे आले त्यात. याच्या बेडकांनीच काय घोडं मारलंय?" मग सरांकडे वळून म्हणाले, "तू मात्र जानवं घालून, सोवळं नेसून बसायचंस. पँटीतला भटजी शेठला चालत नाही."

सरांचं जानवं कॉलेजात असतानाच सुटलं होतं. काकूंनी नवं इतक्या चटकन काढून हातात ठेवलं, की लग्नापासून त्या तयारीतच असाव्यात.

आणि शेठने ऐकलं. शेजाऱ्यांच्या तक्रारींना ज्याने भीक घातली नव्हती, माझ्या वडिलांनी गेटसमोर उपोषणाला बसायची धमकी दिली तेव्हा ज्याने त्यांना खुर्ची पाठवून दिली होती, तो शेठ पितरांचं नाव निघताच हात जोडून उभा राहिला. अमावस्येपर्यंत काम बंद. हा थर वाचवा म्हणून सरांनी आजवर ज्या ज्या साहेबांचे उंबरे झिजवले, त्यांच्यातल्या एकाला जरी पितर असते तर!

दुसऱ्या दिवसापासून आमचं संशोधन सोवळ्यात सुरू झालं. गुरुजी पळी-ताम्हन घेऊन खरोखरच यथासांग तर्पण करत. शेजारी सर उघड्या अंगाने, पोटावर जानवं रुळतंय, हातात हातोडा, एकेक काळा दगड पानासारखा उकलून बघतायत. डॉक्टरेट घेतलेली मी दर्भ आणि तीळ सांभाळायला. हातोडा कशाला, असं शेठच्या माणसाने विचारलं, तर गुरुजी डोळे न उघडता म्हणाले, "दोष दगडात असतो. फोडल्याशिवाय निघत नाही."

बेडूक निघत होते. नेहमीचे, ओळखीचे, बारक्या डोक्याचे. तो इंजिनीअर पोरगाही हळूहळू आमच्याजवळ उकिडवा बसून दगड बघायला लागला. भूगोलात नापास झालो होतो, असं त्याने अभिमानाने सांगितलं होतं, पण नजर तयार होती. "गुरुजी, हे बघा, अजून एक पितर!" असं तो सरांना हाक मारून दाखवायचा. सर सोवळं नेसल्यापासून त्याच्या लेखी तेही गुरुजीच. सरांनी त्याला पहिल्या दिवशी एकदा दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं, पण मग त्यांचं लक्ष दगडाकडे गेलं ते गेलंच.

खड्ड्याच्या वरच्या बाजूला ताडपत्रीखाली मजूर पत्ते कुटत बसलेले असायचे. एकदा सरांनी विचारलं, "यांना सुट्टी?"

"सुट्टी कसली, रोजंदारीवाले आहेत. बसून राहिल्याचे पैसे शेठ देत नाही," इंजिनीअर म्हणाला. "काय करणार, पितरांचं काम आहे."

त्या दिवसापासून सर चहाला थांबेनासे झाले. हातोडाही जरा घाईने पडायला लागला.

आणि एका दुपारी हातोडा थांबला. मी मान वर केली. सरांनी दगडाचे दोन भाग शेजारी शेजारी ठेवले होते आणि भिंग डोळ्याला लावून ते इतके स्थिर बसले होते, की मला उठून जवळ जायचं भय वाटलं. बऱ्याच वेळाने त्यांनी भिंग माझ्याकडे केलं.

तोच होता. बसकं डोकं, मोठं, अगदी पहिल्यासारखं. आणि हा अखंड होता, मागच्या पायांसकट. मी ओरडलेच, "सर! दोन झाले! दोन!"

"खाली बघ," सर म्हणाले.

मी खाली बघितलं. मागच्या पायांच्या मधून, कण्याच्या रेषेत, एक फिकट तपकिरी पट्टी पुढे गेली होती. निमुळती होत होत संपली होती.

शेपूट.

शाळेच्या पुस्तकात ते चित्र सगळ्यांनी बघितलेलं असतं. अंडं, मग शेपटीवालं पिल्लू, मग पाय फुटलेलं आणि शेपूट अजून न गळालेलं पिल्लू, मग बेडूक. ही नवी जातबीत काही नव्हती. वरळीच्या त्याच जुन्या बेडकाचं हे पोर होतं, आणि पोरांची डोकी मोठीच असतात. हे कुठल्याही आजीने सांगितलं असतं. सरांच्या पहिल्या दगडात नेमका शेपटीचा भाग तुटला होता.

"डाग असेल, सर. दगडावर पडतात असे."

"डाग कण्याच्या रेषेत पडत नाही. तूच शिकवतेस पोरांना."

"पण अमावस्येला अजून वेळ आहे. आपण तिसरा शोधू ना. वेगळा निघाला तर?"

"आत्तापर्यंत मी बेडूक शोधत होतो," सर म्हणाले. "आता मला हवा तसा बेडूक शोधायला लागेन. त्याला ज्योतिष म्हणतात. आमच्या घरात एक जण करतो ते, तेवढं पुरे."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. या माणसाची मी आयुष्यभर टिंगल केली आहे, पुढेही करीन. पण त्याने एकदा जिंकायला हवं होतं. लबाडी न करता, घाई न करता, इतकी वर्षं जो थांबला, त्याच्या पदरात त्या तळ्याने काय घातलं, तर एक शेपूट! आणि गंमत अशी की ते बघायला तिथे आम्ही दोघंच होतो. सरांनी दगड गुपचूप पिशवीत टाकला असता, तर जगात कुणालाही काही कळलं नसतं. मी तर नक्कीच सांगितलं नसतं.

सरांनी कमरेला बांधलेलं उपरणं सोडलं आणि दगडाचे दोन्ही भाग त्यात नीट गुंडाळले. गुरुजी तर्पण आटोपून जवळ आले.

"सापडला?"

"सापडला, दादा."

"मग तोंड असं का?"

"अख्खा सापडला म्हणून."

गुरुजींना त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण त्यांनी नेहमीसारखं काही टोचून बोलायचं टाळलं, आणि उठताना भावाला हात दिला. सर अनवाणीच चढ चढून वर गेले. ताडपत्रीखालच्या मजुरांपाशी जरा थांबले, मग इंजिनीअरकडे गेले. त्याने घाईघाईने डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

"उद्यापासून काम सुरू करा," सर म्हणाले.

"उद्या? पण गुरुजी, अमावस्येपर्यंत थांबायचं होतं ना? पितरांचं काय?"

सरांनी उपरण्यातला दगड दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"आमचे पितर जेवून उठले," ते म्हणाले. "ओता."